भिशीतला गोळ्यांचा डबा

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील पूर्णा गावात भातशेती करत आणि मी भिवंडीत एका संस्थेतर्फे महापालिकेबरोबर क्षयरोगाचं काम करते, हे येईल-जाईल त्याला सांगत.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. तेव्हा टीबीच्या गोळ्या एक दिवसाआड, कुणाच्या तरी देखत घ्याव्या लागत. टेमघर भागातलं गोळ्यांचं केंद्र सकाळीच उघडं असे, दुपारी बंद होई. दिवसपाळीचा कामगार सकाळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि रात्रपाळीचा झोपेत. एक तरुण कारागीर जरा बरं वाटताच यायचा थांबला. शोधत गेले, तर खोकत लूम चालवत होता.

"मॅडम, ड्युटी छोडूँ कि गोली?"

पालिकेच्या बैठकीत मी म्हटलं, गोळ्यांचा डबा भिशीत ठेवू. भिशी म्हणजे लूम कामगारांची महिनेवारी खाणावळ. पाळी कुठलीही असो, जेवायला माणूस तिथे येतोच. पालिकेचे डॉक्टर लगेच म्हणाले, "भिशीवाल्या बाई तयार असतील, तर त्यांना मी शिकवतो."

डॉक्टरांनी त्या पोराची थुंकी पुन्हा तपासून औषध नव्याने सुरू केलं. पण या खेपेला ते सुटून चालणार नव्हतं, आणि बाई तर तयार नव्हत्या.

"टीबी का डब्बा यहाँ? कल से सब बगलवाली भिशी में खाएँगे!"

भीती खोटी नव्हती. मी वॉर्डाच्या नगरसेवकांकडे गेले. माणूस शेतकरी घरातला, भिशीची चाळ त्यांचीच.

"काका, तुम्ही बाईंना सांगा ना."

"सांगून कोन ऐकतंय गो? चल, जेवूनच येऊ."

शुक्रवारी लूम बंद, भिशी भरलेली. काका आणि डॉक्टर कामगारांच्या पंगतीत मांडी घालून बसले. जेवता जेवता डॉक्टरांनी समजावलं की टीबी ताटातून होत नाही, आणि नेमाने गोळ्या घेणाऱ्यापेक्षा न घेणाऱ्यालाच जास्त भ्यायला हवं.

काकांनी वाटी उचलली. "बाई, दाल में पानी है, कि पानी में दाल?"

"साहब, इलेक्शन के बाद आपका वादा इससे भी पतला रहता है!"

भिशी हसून हसून बेजार झाली. काकांनीही हसत आणखी एक वाटी मागितली. त्यांना मनसोक्त जेवताना पाहून एकही जण पंगतीतून उठला नाही. बाई सगळं बघत होत्या.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "डब्बा आटे की टंकी पे रहेगा, चाबी मेरे पास. जो गोली नहीं खाएगा, उसको रोटी नहीं."

"अम्मा, ये तो जुलुम है," कोपऱ्यातून तो तरुण कारागीर म्हणाला. लपून राहिला असता तरी चाललं असतं, पण तो आपणहून पुढे आला.

बाईंनी त्याचं ताट बाजूला सरकवलं आणि आधी पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.