ताणावरची बाग

संत्रं हातात आलं की तो आधी त्यात अंगठ्याचं नख रुतवायचा आणि मग त्याच जागी बोट ठेवून म्हणायचा, "काका, हे डागी आहे." असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. अमरावतीत ऑफिस थाटून तो आमच्या चांदूर बाजारकडच्या बागांतली संत्री पुण्याच्या दुकानांना पुरवायचा. मी त्याच्याकडे माल निवडायला होतो. माल नाकारतानाही "आपण घरचीच माणसं" हे त्याचं ठरलेलं. या घरच्या माणसांकडचा चहा मात्र तो तसाच ठेवून उठायचा.

संत्र्यातलं त्याला काडीचं कळत नव्हतं. आमच्याकडे अंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला तोडणीला येणारं पीक, धरायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात. पानं कोमेजतात, बाग मेल्यासारखी दिसते. त्याला ताण म्हणतात. तो नीट बसला तरच पुढे फुलं येतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

एका जानेवारीत पुण्याचे दुकानदार बाग बघायला येणार होते. त्याने निवडली माझ्या मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बाग. सुकलेली पानं पाहून त्याने तोंड वाकडं केलं. आठवडाभर पाणी सोडा, म्हणाला. बाग हिरवी दिसली तर पाहुणे सगळा माल घेतील.

"आत्ता पानी देलं तं बहार फुटत नाही, भाऊ," मोठेबाबा म्हणाले.

"काका, हे सगळे जुने समज."

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं, पण नोकरी नवी होती. मी त्याच्या बाजूने मान हलवली आणि मीच जाऊन मोटर सुरू केली.

फोटो झकास आले. हिरव्या बागेतले मोठेबाबा संत्र्यांच्या खोक्यांवर छापले गेले. फुलं मात्र आलीच नाहीत. नुसती पालवी फुटली आणि वर्षाचं पीक गेलं.

दिवाळीनंतर तो गाडीत रिकामी खोकी घेऊन आला. रिकाम्या झाडांकडे बघत विचारलं, "काका, माल कुठाय?"

मोठेबाबांनी खोक्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "इथं हाये ना. तोडून न्या."

तो हसला. निर्लज्ज माणसाला ते जमतं. खोकी त्याने बाजारातल्या संत्र्यांनी भरली. वर फोटो मोठेबाबांचाच. पुढे ऑफिस बंद करून तो गेला. आता कुठेतरी "घरचा" गूळ विकतो म्हणे. मीही ती नोकरी सोडली, पण फार उशिरा.

परवा बागेत गेलो. ताण छान बसला होता. मोटरच्या पेटीला कुलूप होतं. मोठेबाबांनी मला बस म्हटलं, घरात चहा सांगितला, आणि करदोड्याला बांधलेली किल्ली हळूच चाचपून पाहिली.