तात्यांच्या भिंतीवरचा बैल

परवा गेटला द्यायला ऑइलपेंटचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी थेट भोसरीत, तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आम्ही तिघं हौशी चित्रकार गल्लीतल्या सगळ्यांचं एक मोठं चित्र काढणार होतो. भिंत तात्यांची, म्हणजे परवानगीही त्यांचीच. मी ऐटीत कागद पसरला. त्यात लातूरचा फिटर होता, चिपळूणच्या मावशी, बिहारी वेल्डर, केरळची नर्स. "तात्या, ही आपली अख्खी गल्ली!"

तात्यांनी कागदावरून सावकाश बोट फिरवलं. "समदे हायेत राव. आमी कुटं हाय?"

ज्यांच्या शेतावर गल्ली वसली, त्यांचंच घर मी विसरलो होतो. तरी जीभ वळवळलीच. "तुम्ही म्हणजे ही भिंतच की!"

"व्हय का? मंग भिंतीलाच इचार परवानगी."

मी कान पकडले. तात्या मिशीत हसले. "माजं थोबाड नगं. हितं माजा बैल बांधायचो, पाखऱ्या. त्येला काढ."

मी काढलेला बैल म्हशीसारखा दिसत होता. तरी पोळ्याला तात्यांच्या घरच्या काकूंनी त्याच्या कपाळी कुंकू लावलं, पुरणपोळी ठेवली. माझ्या कलेला देवपण आलं म्हणून मी वर्षभर मिरवत होतो.

चित्राआधी भिंत घासताना नेमक्या त्याच जागेवरचे, आधीच्या पोळ्यांचे कुंकवाचे जुने डाग मीच खरवडून काढले होते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. काकूंनीही कधी विचारलं नाही.