जाळ्यांवरची माती

वेंडेलने घराच्या मागच्या भिंतीतल्या जाळ्या बुजवल्या आहेत आणि उद्या सकाळी मोजणीवाली येणार आहे. डोळे मिटले की मला ती भिंतच दिसते.

वेंडेल माझा धाकटा मुलगा. गावाबाहेरच्या मक्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. लहानपणापासून हट्टी. शेजारच्या म्हातारीच्या दारातलं बर्फ उपसायचा आणि ती पैसे द्यायला आली की पळून यायचा. दोन हजार आठच्या पुरात आमचं तळघर बुडालं. विमा कंपनीचा माणूस पायरीवर उभा राहून म्हणाला, तळघरातलं सामान यात धरत नाहीत. वेंडेलच्या वडिलांची सुतारकामाची सगळी हत्यारं खाली होती. तेव्हापासून कुणी विम्याचं नाव काढलं की तो उठून जातो.

त्याने आणि त्याच्या बायकोने, जोलीनने, सीडर नदीजवळ घर घेतलं तेव्हा नकाशावरची पुराची रेघ रस्त्यापलीकडे होती. गेल्या वर्षी नवा नकाशा आला आणि रेघ त्यांच्या स्वयंपाकघरातून गेली. घर कर्जाचं, म्हणून बँकेने कळवलं: पुराचा विमा घ्या, नाहीतर आम्ही घेऊ आणि हप्त्यात लावू. तेवढ्या पैशांपायी जोलीनचं नर्सिंगचं शिक्षण बुडणार होतं.

यातून सुटायची एक वाट आहे. मोजणीत घराला टेकलेल्या जमिनीचा सगळ्यात खालचा कोपरा पुराच्या पातळीच्या वर निघाला, तर घर रेघेबाहेर काढतात आणि विम्याची सक्ती सुटते. मात्र माती मूळची हवी, भर घातलेली नको. वेंडेलच्या घराचा खालचा कोपरा मागचा. तिथेच त्या जाळ्या. पूर आला की पाणी त्यांतून घराखालच्या पोकळीत शिरतं, तसंच बाहेर पडतं आणि भिंत वाचते. ऑक्टोबरात त्याने आतून विटा लावल्या, बाहेर ट्रकभर माती ओतून कोपरा उंच केला आणि वर हिरवळ अंथरली. आता ओळखू येत नाही.

मला रविवारी कळलं. तो मागच्या अंगणात शेगडीवर मांस भाजत होता.

"जाळ्या कुठे गेल्या रे?"

"सुट्टीवर."

"वेंडेल!"

"उंदीर यायचे गं त्यातून."

"उंदरांसाठी ट्रकभर माती?"

जोलीन हसली, मग माझ्याकडे वळली. "मी सांगून थकले, आई. तुमचा मुलगा आहे, तुम्हीच बघा."

"मोजणीवाली विचारेल ना, माती मूळची का म्हणून?"

"मूळचीच आहे की. लाखो वर्षांची. काल कुणी बनवली का?"

"आणि पाणी आलं तर? भिंत आत येईल. तिच्यावर तुझ्या लेकीची खोली आहे."

त्याने चिमटा खाली ठेवला. "आठ साली पाणी या घराच्या कुंपणाशी थांबलं होतं. कुणीतरी ऑफिसात बसून रेघ मारली म्हणून मी घाबरायचं? तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"टेसाच्या."

"मग बुधवारपर्यंत तोंड मिटून बस."

उद्या बुधवार. नदीच्या वरच्या अंगाला, मिनेसोटात, बर्फ झपाट्याने वितळतंय. संध्याकाळी मी पुलावर जाऊन आले. पाणी गढूळ आहे, बर्फाचे तुकडे खांबांवर आपटतात आणि पूल पायाखाली थरथरतो. विमा घ्यावा लागला तर वेंडेल स्वतःच जाळ्या मोकळ्या करेल, कारण त्यांच्यामुळे विमा स्वस्त पडतो. उद्या सुटला तर त्या कायमच्या बुजल्या.

मोजणीवाली ऱ्होडा क्रेमर चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गाते. ती वेंडेलला विचारेल आणि तो सांगेल ते खरं मानेल; गावात सगळेच मानतात. मग माती मूळचीच आहे अशा कागदावर तो सही करेल. सही झाल्यावर मी बोलले तर माझा मुलगा खोटं लिहून देणारा ठरेल. आधी बोलले तर निदान तसं होणार नाही. पण टेसाला तो माझ्याकडे पाठवायचं बंद करेल. वडिलांसारखाच आहे, वर्षभर बोलणार नाही.

मघापासून दोनदा त्याचाच नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तो काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. ऱ्होडा झोपली असेल. तिला उठवते.