खांबावरचा विळा

रोज सकाळी चाऱ्याच्या वावरात शिरण्याआधी रुखमा आपला विळा फाटकाच्या खांबाला टांगायची आणि आत हातानंच निंदायची. बाया हसायच्या, "नखानं गवत काढता का वं, रुखमाबाई?" ती हसायची नाही.

जिवतीच्या माळावरचं ते वावर संशोधनाचं. गवताच्या बियांवर किरणांचा मारा करून पेरायचं आणि कुठलं रोप वेगळं, चांगलं निघतं ते पाहायचं. बहुतेक ठोंब खुरटे, पिवळे. एकच तेवढा उघडिपीतही हिरवागार, लुसलुशीत. संशोधन करणाऱ्या मयुरीताईंनी त्याला लाल फीत बांधली.

"याचं बी धरायचंय, बाई. याला हात लावू नका."

रुखमानं मान डोलावली होती.

पोळ्याच्या आदल्या सांजेला तिनं आपल्या म्हाताऱ्या बैलाचे, चांद्याचे, खांदे हळद-तुपानं शेकले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चांद्याचे दात गेलेले, कडबा चावेना. आवतन दिलेल्या पाहुण्यापुढे ठेवायचं काय? पहाटे ती वावरात गेली. फीत सोडून बाजूला ठेवली आणि तुऱ्यावर आलेला तो ठोंब कापला. चांद्यानं सगळा खाल्ला, वर तिचा तळहातही चाटला.

तोरणाखाली बैल जमले तेव्हा वावराचा राखणदार धनराज हा जंगू गुराख्यावर ओरडत होता, "तुहीच गाय शिरली असन!"

"माही गाय विळा घेऊन फिरते का, धनराजभाऊ? बुडातून साफ कापलं हाय."

लोक हसले.

"मंग तूच चोरला!"

जंगूचं तोंड उतरलं. रुखमाच्या कमरेला विळा होता. तिनं पदर ओढून तो झाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं मयुरीताईंना सांगितलं. त्या तिच्यासोबत ठोंबापाशी गेल्या. मग गुडघ्यावर बसून माती सारली. "मुळं जिवंत आहेत." तीच मुळं फोडून पुढं ओळी उभ्या राहिल्या. जंगू चोर नाही, एवढंच त्यांनी धनराजला बजावलं. रुखमाला म्हणाल्या, "जंगूला मात्र तुम्हीच सांगा."

"सांगतो," रुखमा म्हणाली. त्या दिवसापासून तिनं विळा फाटकाच्या आत नेला नाही.

पण गावानं घासचोर हे नाव धरलं ते धरलंच. जंगू त्या बांधावरून जाईनासा झाला. रुखमा थकत गेली. शब्द ओठांशी यायचे आणि परतायचे.

एका सकाळी खांब रिकामाच राहिला; रुखमा रात्रीतच गेली होती. आदल्या सांजेला ती जंगूच्या दारात उभी होती.

"बसा नं, बाई. काऊन आल्या?"

घासाची पेंढी उंबऱ्याशी ठेवत ती म्हणाली, "काई नाई जी. गाईले टाकजा, कवळा हाय."