वाळूतली रताळी

शिवणवाल्या मावशींचे डोळे अधू झाले, मशीन बंद पडलं, तेव्हा दिरांनी त्यांना कालव्याकाठची वाळूची पट्टी दाखवली. तिथे गवतसुद्धा नाक मुरडून उगवायचं.

"दोन हंगाम बघा, वहिनी. नाही जमलं तर मी तिथे वीटभट्टी टाकतो. तुम्ही आमच्यात जेवा."

आमच्यात जेवा. एवढी साधी वाक्यं माणसाला आतून पुसून टाकतात.

मावशींनी शेजारणीकडून रताळ्याचे वेल मागून आणले. याला बी लागत नाही. वीतभर तुकडा मातीत खुपसला की पुरे. कधीकाळी समुद्रापलीकडून खलाशांसोबत आलेला हा कंद. टाकला तिथे रुजला, आणि आता त्याला कुणी परका म्हणत नाही. नवऱ्यामागे सासरी उरलेल्या बाईला तो आपल्यातलाच वाटला.

मग मायेपोटी घोळ झाला. त्यांनी पाट्या भरभरून शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. वेल माजले, पट्टी हिरवीगार झाली. खणलं तर खाली उंदराच्या शेपटीएवढी मुळं.

"आता शेळी पाळा, जाऊबाई," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. "पाला तरी सत्कारणी लागेल."

मावशीही हसल्या. हसल्या नसत्या तर रडल्या असत्या. पण ज्या कोपऱ्यात खत पोचलंच नव्हतं, तिथे एक मुठीएवढं रताळं निघालं. ते त्यांनी पदरात बांधून घेतलं.

पुढच्या हंगामात त्यांनी मन घट्ट केलं. खत बंद, पाणी बेताचं. वेल जागोजागी मुळं धरू लागले की, जोर खालच्या कंदातच राहावा म्हणून, शिवण उसवावी तसे हलके सोडवून उलटे टाकायच्या. पानं किरकोळच राहिली. दिरांनी बांधावरूनच पाहिलं आणि भट्टीसाठी माणसं ठरवून आले.

एका सकाळी वरंब्यांना तडे दिसले. मावशींना वाटलं, माती तहानेने फुटली. बोट घातलं तर आत काहीतरी गार, टणक, भरगच्च. दुसरा वरंबा, तिसरा. सगळी पट्टी आतून फुगून फुटली होती.

काढणीला पोती पुरेनात, तेव्हा जाऊबाईंनी घरातल्या चादरी आणल्या. दीर एक रताळं दोन्ही हातांत तोलत उभे राहिले.

"भट्टीवाल्यांना नको म्हणून सांगतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मावशींनी मान वर केली नाही. "सांगा, भाऊजी. आणि येताना विळा आणा. पुढच्या लावणीचे वेल कापायचेत."