दोन देवकांचे वाघदरे

"आवं गुरुजी, आपलाच हाय त्यो!" असं म्हणत वाघदरे टेलर गळ्यातली टेप खांद्यावर सारत आणि पेपरावर बोट ठेवत. पलटणीत शिलाईकाम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी आष्ट्यात दुकान टाकलं होतं. कापडाची कात्री कुणी कागदाला लावली तर ते घर डोक्यावर घेत. पण पेपरात कुणी 'वाघदरे' दिसला, की तीच कात्री बिनदिक्कत चाले आणि कात्रण भिंतीवर जाई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळा सुटली की मी तिथं टेकायचो. भिंतीवर कुस्ती मारलेला पैलवान, पदकवाला सुभेदार, वाईचे कीर्तनकार, साताऱ्याचे डॉक्टर. सगळ्यांच्या खाली शिलाईच्या खडूनं लिहिलेलं, 'आमचे भाऊबंद'. यातला एकजण यांना ओळखत असेल तर शपथ! मी थट्टा केली की म्हणत, "रगात एकच हाय. तुमास्नी न्हाई कळायचं."

त्यांच्या लेकीला मीच स्थळ आणलं. मुलगा म्हसवडचा, मास्तर, आडनाव वाघदरेच. दोघांची पसंती झाली होती. पोरगी आठवडाभर गुणगुणत काजं करत होती. बोलणी करायला मुलाचे चुलते दुकानात आले आणि भिंतीपुढं थबकले.

"ह्यो पैलवान आमच्या थोरल्याचा पोरगा. त्यो तुमचा भाऊबंद, म्हंजे तुमची पोरगी आमच्या पोराची भैन झाली की! लगीन कसं व्हायचं?"

मशीन थांबलं. पडद्याआड बांगड्याही थांबल्या.

"तुमचं देवक कोणतं?" मी मध्येच विचारलं.

"कळंब."

यांचं पंचपालवी. देवक निराळं म्हणजे कूळ निराळं. लग्नाला आडकाठी नाही. पण ते बोलायचं म्हणजे सगळी भिंत सोडायची. इतक्या वर्षांत या गृहस्थांनी कुणाचं देवक विचारलंच नव्हतं!

ते उठले. ओल्या फडक्यानं पैलवान भिजवला, अलगद सोडवला आणि चुलत्यांच्या हातात ठेवला.

"आमचं पंचपालवी. ह्यो आमचा न्हवं. मी आपलं उगंच म्हनत हुतो."

त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

लग्न झालं. महिन्यानं म्हसवडहून लेकीचं पत्र आलं. मी म्हटलं, "बघा, पोरगी दिली तरी आडनाव घरचंच राहिलं. असं भाग्य किती बापांना?"

ते पाकिटामागचं तिचं पूर्ण नाव कितीतरी वेळ वाचत राहिले.

"व्हय गुरुजी. पयलं तेच हाय, शेवटचं तेच हाय," ते म्हणाले. "मधला मी तेवढा गेलो."