दुखणं बसायच्या जागेचं

"लिव्हेटर एनाय सिंड्रोम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई आमच्या बेळगावकडच्याच, म्हणून त्यांनी मराठीत समजावलं. गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल न पडता आवळूनच राहतात आणि दुखतात. "फंक्शनल आहे. म्हणजे आत गाठ नाही, जखम नाही, स्नायूंचं काम बिघडलंय. पण दुखणं खरं आहे हं तुमचं."

हे शेवटचं वाक्य ऐकायला मी आसुसलो होतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली होती. एमआरआय झाला होता. सगळं नॉर्मल. आधीच्या एका डॉक्टरांनी तर हसत हसत मूळव्याधीचं मलम दिलं होतं. मूळव्याध नव्हतीच.

असल्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कुणाला? के. आर. पुरमहून होसकोटेला कंपनीच्या बसमध्ये उभ्यानेच जायचो. कुणी कानडीत "कुतकोळ्ळी अण्णा", बसा दादा, म्हणत सरकून जागा दिली, की कंबर धरलीय म्हणायचो. घरीही ओट्यापाशी उभ्याने जेवायचो. बायकोला, शुभाला, ॲसिडिटी सांगितली होती. ती एकटीच पाटावर बसून जेवायची.

"घरात काय झालंय काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आठव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. सगळे शुभाला सांभाळत होते, मीसुद्धा. दवाखान्याची धावपळ, नातेवाइकांचे फोन, सगळं माझ्याकडे. रडायला सवडच झाली नाही, असं मी अगदी ऐटीत सांगायला गेलो आणि बाईंसमोरच हुंदका फुटला.

त्यांनी रडू दिलं. मग बायोफीडबॅक सुचवलं. त्यात आत एक बारीक नळी ठेवतात, स्नायू किती आवळलाय ते पडद्यावर दिसतं आणि तो सैल सोडायला शिकवतात. "आणि घरी सांगा," त्या म्हणाल्या. "तेही औषधच."

सांगितलं. शुभा म्हणाली, "अहो, मला वाटलं, बाळ माझ्यामुळे गेलं म्हणून तुम्ही माझ्याजवळ बसत नाही."

दुखत होतं तरी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

तुमच्यापैकी कुणाला हे होत असेल तर लाजू नका, दुखतंय कुठं ते डॉक्टरांना नीट सांगा. आणि घरच्यांना आधी. माझं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. त्या बाईंचे उपकार मात्र फिटायचे नाहीत.

परवा जेवताना शुभाने विचारलं, आपल्या मुलीचं नाव काय ठेवणार होतात? मी सांगितलं. तिनं वेगळंच ठरवलं होतं. बारशाच्या दिवशी सांगू, म्हणून दोघांनीही राखून ठेवलं होतं.